मदत हवी आहे: ओपीएनसेन्सवर सुरिकाटाचे स्वतःचे नियम आपोआप कसे तपासून लोड करावे?

नमस्कार मंडळी. धंतोलीतलं ऑफिस, हिंगणा आणि बुटीबोरीचा प्लांट, तिन्हीकडे ओपीएनसेन्स (फायरवॉल) आहे, त्यावर सुरिकाटा (नेटवर्कमधले हल्ले ओळखणारं सॉफ्टवेअर) आयपीएस मोडमध्ये, म्हणजे हल्ला थेट अडवणाऱ्या. आमचे स्वतःचे नियम (एसआयडी, म्हणजे नियमाचा क्रमांक, १०००००० च्या पुढचे; ‘इमर्जिंग थ्रेट्स’ म्हणजे ईटीच्या तयार नियमांशी टक्कर नको म्हणून) एका फाइलमध्ये, गिटवर (बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) ठेवले आहेत.

ओपीएनसेन्समधला स्वतःचे नियम भरायचा ‘यूझर डिफाइन्ड’ टॅब कामाचा नाही. तिथे आयपी, एसएसएल फिंगरप्रिंट आणि ॲक्शन एवढंच भरता येतं, पॅकेटमधला मजकूर जुळवायची अट (कंटेंट मॅच) नाही. म्हणून ओपीएनसेन्सच्या मेटाडेटा फोल्डरमध्ये (नियमांच्या याद्यांची माहिती असते तिथे) एक्सएमएल टाकून आमची फाइल डाउनलोडच्या यादीत आणली. नियम बदलला की स्क्रिप्ट ओपीएनसेन्सच्या एपीआयवरून (स्क्रिप्टने आज्ञा द्यायची सोय) अपडेट आणि मग रीलोड मारते. इथवर मस्त चालतंय.

अडचण पुढे आहे. एखाद्या नियमात सेमीकोलन द्यायचा राहून गेला तर सुरिकाटा तेवढाच नियम वगळून बाकीचे लोड करतो, आणि एपीआय खुशाल ‘ओके’ म्हणतं! आपण समजतो ब्लॉक होतंय, अन् तिकडे नियमच नाही. वेगळ्या लिनक्स मशीनवर सुरिकाटाला हायफन कॅपिटल टी (न चालवता फक्त तपासायचा पर्याय) देऊन तपासून पाहिलं, पण तिथली आवृत्ती वेगळी, त्यामुळे निकालावर भरवसा नाही.

मर्यादा: फायरवॉलवर जास्तीचं पॅकेज टाकायला परवानगी नाही, एसएसएच (दुरून लॉगिन) फक्त आतल्या नेटवर्कमधून, आणि दिवसा सेवा रीस्टार्ट करता येत नाही. बुटीबोरीत तर शिफ्ट रात्रीही चालू असते.

रीलोडनंतर किती नियम लोड झाले आणि कोणते एसआयडी फेल झाले, हे स्क्रिप्टला कुठून वाचता येईल? लॉग ग्रेप करणं (लॉगमध्ये शब्द शोधणं) हाच मार्ग की सुरिकाटाच्या सॉकेटवरून (चालू सुरिकाटाला आज्ञा द्यायची वाट) रुलसेट-स्टॅट्स, म्हणजे नियमांची आकडेवारी, घ्यावं? सॉकेट वापरत असाल, तर अपग्रेडनंतर ती सेटिंग टिकते का?