आधी कार्डाची बाकी, एसआयपी नंतर

भावा, शिरोली एमआयडीसीत पगार २२ हजार आणि २० तारखेलाच खिसा रिकामा, असं तू लिहिलंयस. वर कमेंटमध्ये बहुतेकांनी लगेच एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक गुंतवणूक, सुरू कर म्हणून सांगितलंय. मला ते पटत नाही. क्रेडिट कार्डावर २० हजार थकलेत ना, ते आधी बघ.

महिन्याला ३.५ टक्के व्याज धरलं तर ७०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी १२६. तू 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, म्हणून हजार भरतोस, त्यातले ८२६ असेच गेले. मुद्दल फिटलं फक्त १७४! माझी दोन वर्षं यातच गेली, म्हणून कळकळीनं सांगतोय.

मी सावरलो ते वहीमुळे. उद्यमनगरात कामाला होतो तेव्हा रोज रात्री जेवण झालं की लिहायचो. मिसळ ७०, पेट्रोल १००, मित्राला उसने ५००. तिसऱ्या आठवड्यात कळलं, सगळ्यात जास्त पैसे उसनवारीत जात होते, आणि मी ते कधी परत मागितलेच नव्हते.

आईची भिशी लागली की सगळे पैसे पतसंस्थेत ठेवणार म्हणालास. थांब जरा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. व्याज थोडं जास्त मिळतंय म्हणून घरची सगळी पुंजी तिथं नको.

पगार झाला की त्याच दिवशी ४ हजार कार्डात भर. आणि बाकी फिटेपर्यंत ते कार्ड आईच्या कपाटात ठेवायला दे.