मुलगा सात वर्षांचा आहे, परत गादी ओली करायला लागलाय, घरातल्या टेन्शनमुळे असेल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, खूप दिवस नुसती वाचतच होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकला असतो. मिस्टर अंबड एमआयडीसीत एका कंपनीत होते, दिवाळीनंतर ऑर्डरी कमी झाल्या म्हणून कॉन्ट्रॅक्टवाल्यांना ब्रेक दिला त्यात हेपण आले. तेव्हापासून घरीच आहेत, इंटरव्ह्यू देतात पण कुठे पगार फारच कमी सांगतात कुठे फोनच येत नाही. घराचा हप्ता माझ्या पगारावर चाललाय. सासूबाई आमच्याकडेच असतात, बाई वाईट नाहीत, मुलांचं सगळं त्याच बघतात, पण "बायकोच्या पगारावर" हे शब्द रोज एकदा तरी कानावर पडतातच आणि मग यांचं डोकं फिरतं.

आता मूळ मुद्दा. मुलगा दुसरीत आहे. तीन वर्षांचा असल्यापासून रात्री कोरडा असायचा, आता परत सुरू झालंय. सकाळी रिक्षावाल्या काकांचा हॉर्न वाजला की पोटात दुखतं, अगदी रडून लाल होतो. रविवारी काही नाही. त्यामुळे सासूबाई म्हणतात नाटकं आहेत सगळी, आणि संध्याकाळी त्याच मीठमोहऱ्या घेऊन दृष्टपण काढतात, आता काय बोलणार. टीचरनी डायरीत लिहून पाठवलं की बेंचवरच्या मुलाला ढकललं. मुलगी सहावीत, तिचं मात्र काहीच टेन्शन नाही, उलट फार शहाणी झालीये, भावाची बॅग भरते, सहलीचं पत्रक आलं तर मला न दाखवताच टीचरना सांगून आली की मला नाही यायचं.

मला कळत नाहीये ते हे की आम्ही मुलांसमोर भांडत नाही. ते आधीपासून ठरलेलं आहे. काही झालं की आमचा अबोला असतो, कधी चार दिवस कधी जास्त, जेवायला वाढलं की "पप्पांना सांग" एवढंच. आवाज नाही, शिव्या नाहीत, हात उचलणं तर नाहीच. मग मुलांना त्रास कशाचा होतोय? डॉक्टर कुठला गाठायचा, मुलांचा की मानसोपचारवाला? आणि काउन्सेलर म्हटलं की हे म्हणतात "मी काय वेडा आहे का", त्याचं काय करू?

रिकामटेकडा: ताई एवढं मनावर घेऊ नका. आमच्या लहानपणी बाबा पट्ट्याने मारायचे, आई-बाबांची भांडणं अख्ख्या चाळीला ऐकू जायची, आमचं काय वाईट झालं? हल्ली मुलांना जरा काही झालं की लगेच काउन्सेलर.

कडीपत्ता: @रिकामटेकडा, काय झालं ते आपल्याला स्वतःला नेहमी दिसतंच असं नाही हो. अमेरिकेत १९९८ साली फेलिट्टी आणि अँडा यांचा मोठा अभ्यास आला होता, लहानपणी घरात मारहाण, व्यसन, आईला मार असलं जितकं जास्त पाहिलं तितकं मोठेपणी डिप्रेशनपासून हार्टपर्यंतचे आजार जास्त, असं त्यात दिसलं. धागाकर्तीने घाबरायचं मात्र कारण नाही, तिच्या घरात यातलं काही नाहीये आणि तो अभ्यास साध्या नवराबायकोच्या वादांबद्दल नाही.

ताई, मी मुलांची डॉक्टर आहे, इथून तपासता येत नाही पण क्रम सांगते. आधी मुलांच्या डॉक्टरकडेच जा. सहा महिने किंवा जास्त कोरडा राहिलेला मुलगा परत ओलं करायला लागला तर ताण हे नेहमीचं कारण असतं, पण ते सगळ्यात शेवटी धरायचं. लघवीची तपासणी, साखर, आणि शी कडक होते का ते विचारा, बद्धकोष्ठात मूत्राशयावर दाब येतो हे पालकांच्या लक्षातच येत नाही. तहान खूप लागत असेल, वजन उतरत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी साखर बघून घ्या. पोटदुखीचं तसंच, दुखण्याने झोपेतून उठत असेल, शीतून रक्त, ताप, सारख्या उलट्या असतील तर वेगळा तपास लागतो. यातलं काही नसेल आणि फक्त शाळेच्या वेळीच दुखत असेल तर बहुतेक ताण. पण नाटक नाही हं! आतडं आणि मेंदू नसांनी जोडलेले आहेत, ताणात आतड्याची हालचाल बदलते आणि खरंखुरं दुखतं. सासूबाईंना हे डॉक्टरच्या तोंडून ऐकू द्या, त्यांनाच सोबत न्या. गादी ओली झाली तर ओरडणं, बहिणीसमोर विषय काढणं बंद. आणि पोट दुखलं म्हणून रोज घरी ठेवू नका, मग शाळा जास्तच अवघड होत जाते.

पावसाळी: मी अबोल्याच्या घरात वाढलेय म्हणून लिहिते. भांडण निदान संपतं तरी, अबोला कधी संपणार हे पोराला कळतच नाही. दार लावल्याचा आवाज, ताट ठेवल्याचा आवाज, आज चहा एकत्र की वेगळा, यावरून मी घरातलं हवामान सांगायचे. "पप्पांना सांग" चा निरोप्या होणं तर सगळ्यात वाईट, कारण निरोप देताना बाबांचा चेहरा पडला की वाटायचं मीच काहीतरी चुकीचं बोलले. आणि ताई, खरं सांगू का, मला तुमच्या मुलाची एवढी काळजी वाटत नाही, तो ओरडून सांगतोय तरी. मुलीकडे बघा. सहल स्वतःच रद्द करून आलेली अकरा वर्षांची मुलगी शहाणी नाही झालेली, तिने घराचा हप्ता डोक्यावर घेतलाय. मी तीच होते, सगळे कौतुक करायचे. अजूनही मला कोणाकडे काही मागता येत नाही.

कडीपत्ता: +१, माझ्याकडून मुलगी राहूनच गेली होती. आईवडिलांच्या वादाचा मुलांवर काय परिणाम होतो यावर कमिंग्ज नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं बरंच काम आहे. मुलांना मोठ्यांचा वाद दाखवला, काहींना तो मिटलेलाही दाखवला, तर मिटलेला बघणारी मुलं बरीच शांत राहिली. गंमत म्हणजे बंद दाराआड मिटलं आणि नंतर नुसतं सांगितलं तरी फरक पडला. म्हणजे भांडण लपवण्यापेक्षा मिटल्याचं कळू देणं जास्त उपयोगाचं. दोघांनी मिळून मुलांना साधंच सांगा, पप्पांची नोकरी गेलीये, दुसरी शोधतायत, पैसे जपून वापरायचेत पण शाळा-जेवण चालू राहणार, आमची चिडचिड होते ती तुमच्यामुळे नाही. मुलीला वेगळं सांगा की पैशाचं आम्ही बघू.

दुपारची_शाळा: शिक्षिका आहे. टीचरना अर्ध्या मिनिटात सांगून ठेवा की घरी जरा अडचण आहे, मुलगा हळवा झालाय. सगळी कहाणी सांगायची गरज नाही. आम्हाला माहीत असलं तर डायरीत तक्रार लिहायच्या आधी दहादा विचार करतो, नाहीतर पोरगा दंगेखोर म्हणून वर्षभर तसाच धरला जातो. आणि सहलीचं नाव अजून घालता येतं का तेही विचारा.

धागाकर्ती: सगळ्यांचे खूप आभार. @पावसाळी तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, मग मुलीला विचारलं सहलीला का नाही जायचं, तर म्हणाली "आजी म्हणत होती ना". पुढे काही बोललीच नाही. शनिवारी डॉक्टरकडे जातोय, सासूबाई येणार आहेत (त्यांना सांगितलंय पोटाचं दाखवायचंय). यांचा प्रश्न मात्र तसाच आहे. रात्री झोपत नाहीत, जेवण कमी झालंय, मुलगा जवळ आला की उठून गॅलरीत जातात.

कडीपत्ता: मग त्यांनाही मदत लागतेय. काउन्सेलर हा शब्दच काढू नका, झोप लागत नाही म्हणून फॅमिली डॉक्टरकडे न्या, पुरुष त्या कारणाने येतात. किंवा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये टाकून द्या, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं आणि कोणी बघणारं नसतं. सिव्हिल हॉस्पिटललाही मानसोपचाराची ओपीडी असते, केस पेपरच्या पैशात काम होतं. मात्र जगण्यात अर्थ नाही असं काही बोलले तर वाट बघू नका, त्यांना एकटं ठेवू नका आणि लगेच घेऊन जा.

पावसाळी: आणि मुलाला गॅलरीतच पाठवा त्यांच्याकडे, निरोप देऊन नाही, कॅरम घेऊन. शनिवारी काय झालं ते कळवा.