गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं: 67 ग्रेडले कैकपट भाव काऊन?

आर्वीकर: 1969 च्या या नाण्याचं वजन 15 ग्रॅम, चांदी 80 टक्के, म्हणजे 12 ग्रॅम. नाणं तपासून दर्जाचा अंक म्हणजे ग्रेड देणाऱ्या कंपनीनं प्लास्टिकच्या सीलबंद डबीवर 63 लिहो की 67, चांदी तेवढीच राहते. तरी लिलावात 67 वाल्याले कैकपट बोली लागते. वरून लिलावघराचं कमिशन अन् कर. विकायच्या वेळी हे दोन्ही खर्च कोणी भरून देत नाही. आपला पैसा नाण्यात कमी अन् डबीवरच्या चिठ्ठीत जास्त जातो, हे माझं ठाम मत हाय.

अचलपूर नाणेसंग्रह: भाऊ, चांदीच्या भावानं मोजायचं तर ते सराफाचं गिऱ्हाईक झालं, संग्राहकाचं नाही. 1 ते 70 च्या मापात 60 च्या वरचं नाणं न वापरलेलंच असतं. 60 वरही झीज नसते. पुढचा सगळा फरक ओरखडे, चमक आणि ठशाचा उठाव यांचा. साच्यातून पडलेलं नाणं दुसऱ्या नाण्यांवर आदळतं, मग पिशवीत, मग बँकेत. 34 मिलिमीटरच्या मोकळ्या पृष्ठभागावर, विशेषतः गालावर आणि डोक्याच्या उंच भागावर, खुणा पडतातच. त्यातून स्वच्छ वाचलेलं नाणं आज नव्यानं तयार होत नाही. भाव त्याचा आहे.

आर्वीकर: मग 'या ग्रेडमध्ये जगात इतकीच' असं म्हणून बोली चढवतात, त्याचं काय? तो आकडा तपासायले पाठवलेल्या नाण्यांचा हाय. भारतातून पाठवणारेच थोडे. उद्या कोणाच्या पेटीतून चांगली नाणी निघाली की 67 ची संख्या वाढते. अमेरिकेच्या 1995 च्या 'डब्ल्यू' खुणेच्या सिल्व्हर ईगल या चांदीच्या नाण्याचं पाहा. एकूण 30,125 नाणी. 70 ग्रेडचं एक 2013 मध्ये 86 हजार डॉलरांच्या वर गेलं. पुढं 70 वाली आणखी आली अन् भाव बराच उतरला.

अचलपूर नाणेसंग्रह: उदाहरण बरोबर, पण ते प्रूफ नाणं आहे. प्रूफ पॉलिश केलेल्या ठशानं, जपून पाडतात आणि संग्राहकांसाठीच डबीत भरतात. तिथं 70 वाढणारच. तेच गणित चलनासाठी पाडलेल्या नाण्याला लावू नका. आणि मोजणी फुगतेही: जास्त ग्रेडच्या आशेनं डबी फोडून तेच नाणं परत पाठवलं, जुनी चिठ्ठी कंपनीला कळवली नाही, तर एक नाणं दोनदा मोजलं जातं.

चिखली सराफा: ग्रेडच्या आधी खरं-खोटं पाहा. 0.01 ग्रॅमचा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा, नाणं दोऱ्यानं पाण्यात लटकवा. तळाला, कडेला लागू देऊ नका. खऱ्या 15 ग्रॅमच्या नाण्याला काटा 1.48 च्या आसपास दाखवतो. जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदीसारखा दिसणारा पण चांदी नसलेला मिश्रधातू, असेल तर 1.7 च्या वर जातो. नाण्याला बुडबुडा चिकटला तरी आकडा जास्त येतो, म्हणून हळूच झटका. नंतर कापडानं घासू नका, टिपून घ्या.

मूर्तिजापूर: घासू नका, हेच आपल्या गावात कोणी ऐकत नाही. चिंच, राख, टूथपेस्ट, काय काय लावतात! मग नाणं अस्सल असलं तरी कंपनी अंक देत नाही, फक्त 'डिटेल्स' लिहून परत पाठवते. दुसरं नुकसान मऊ पीव्हीसीच्या अल्बमचं. मे महिन्यात 45 अंशांत तो पाझरतो, नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. शुद्ध अ‍ॅसिटोन काचेच्या वाटीत घ्या, चुलीपासून लांब, नाणं बुडवून ठेवा, परत ताज्या अ‍ॅसिटोनमधून काढा आणि तसंच वाळू द्या. नखांचं रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल-सुगंध असतो. थरानं चांदी खाल्ली असेल तर डाग जात नाही.

आर्वीकर: हे मान्य. पण खेड्यातला माणूस मोबाईलवर पाहतो की वैष्णोदेवीच्या पाचच्या नाण्याले लाखो मिळतात, अन् आगाऊ 'नोंदणी फी' भरून बसतो. त्या रीलमध्ये लिलावातल्या 67 चाच भाव दाखवतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये सांगितलं की आमच्या नावानं जुन्या नाणी-नोटांवर फी मागणाऱ्यांशी आमचा संबंध नाही. तरी सुरूच हाय.

अचलपूर नाणेसंग्रह: ती फसवणूक आहे, तिचा राग ग्रेडवर काढू नका. घ्यायचंच असेल तर डबीवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाका, तिथला फोटो खुणेला खूण लावून जुळवा. डब्याही खोट्या येतात. मग 65 आणि 67 एकाच दिव्याखाली, पाच पट भिंगानं, अंक झाकून तिरपे करून पाहा. फरक दिसत नसेल तर 65 घ्या.

आर्वीकर: मंग बोली लावणाऱ्या किती जणांले तो फरक दिसते?