उरणच्या तारेवरचा निळा पक्षी : आपला चाष की काश्मिरी?

उरणचा_सायकलवाला

मी उरणला राहतो, बंदराजवळच्या एका गोदामात कामाला आहे. सकाळची पाळी असली की सहाला सायकलवर निघतो. रस्त्याच्या एका अंगाला जुनी मिठागरं, दुसऱ्या अंगाला पड टाकलेली भातखाचरं. पाऊस नुकताच ओसरलाय, त्यामुळे खाचरांत कमरेएवढं गवत आहे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी तिथल्या विजेच्या तारेवर एक निळा पक्षी बसलेला दिसला. आधी वाटलं चाष. दसऱ्याला चाष दिसणं शुभ, म्हणून आजी मला कडेवर घेऊन तो शोधत शेताच्या बांधावर फिरायची. म्हणजे तो पक्षी मी लहानपणापासून ओळखतो, आणि म्हणूनच हा वेगळा आहे हे लगेच जाणवलं. आपल्या चाषाची छाती तपकिरी-गुलाबी असते, तिच्यावर फिक्या रेघा असतात. याचं डोकं, गळा, छाती, पोट सगळं एकच फिकं निळं. पाठ मात्र विटेसारखी.

सायकल उभी करून वडिलांच्या ८×४० दुर्बिणीतून दहा मिनिटं बघितलं. तो तारेवरून सरळ गवतात उतरला, मोठा हिरवा नाकतोडा घेऊन वर आला, दोनदा तारेवर आपटला, मान वर करून गिळला. नाकतोड्याचा एक पाय चोचीच्या कडेला अडकला होता, तो त्याने तारेवर चोच घासून काढला.

सोमवारी पुन्हा तिथेच. मंगळवारी दोन होते, आणि दुसऱ्याने मला गोंधळात टाकलं. तो मळकट होता आणि त्याच्या गळ्यावर रेघा होत्या. मग हे दोघे वेगळ्या जातीचे का? दुर्बिणीला मोबाईल लावून काढलेले फोटो जोडतोय, बरे नाहीत.

आणखी एक विचारायचंय. मंगळवारी रात्री मी फोटो आणि जागा एका ग्रुपवर टाकली. बुधवारी सकाळी तिथे तीन गाड्या उभ्या होत्या. एकजण कॅमेरा घेऊन थेट गवतात शिरला, दोन्ही पक्षी उठून मिठागराच्या पलीकडे गेले. माझी पाळी सुरू होईपर्यंत परत आले नव्हते. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. जागा सांगायलाच नको होती का?

जुनी_दुर्बीण (मुलुंड)

पहिला फोटो युरोपियन रोलरचा आहे, ज्याला आपल्याकडे जुने लोक काश्मिरी चाष म्हणतात. मला शंका नाही. अभिनंदन! मुंबईच्या आसपास तो दर वर्षी कोणाला ना कोणाला दिसतो, पण मोजकाच, आणि तोही पाऊस संपता संपता, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर एवढ्याच दिवसांत. कच्छ-सौराष्ट्रात याच काळात जास्त दिसतो.

दुसऱ्याबद्दल घाई करू नका. युरोपियनचं यंदाचं पिल्लूसुद्धा मळकट असतं आणि त्याच्या गळ्या-छातीवर फिक्या रेघा असतात. चूक नेमकी इथेच होते, माझी स्वतःची दोन वर्षं झाली होती. बसलेल्या पक्ष्यावर निकाल देऊ नका, उडू द्या. आपला चाष पंख उघडतो तेव्हा गडद निळ्यात फिक्या निळ्याचा रुंद पट्टा लखकन दिसतो. युरोपियनच्या पंखाची मागची कड आणि टोक सलग काळपट, पट्टा नाही. शेपटीही बघा : आपल्याच्या शेपटीचं टोक गडद निळं, पट्टीसारखं.

युरोपियन इथे काय करतो? त्याची वीण काश्मीरपासून मध्य आशिया, युरोपपर्यंत आणि हिवाळा आफ्रिकेत. आपण वाटेवरचा थांबा. पावसानंतर आपल्या गवतात नाकतोडे माजलेले असतात, तेच पुढच्या प्रवासाची चरबी होतात. याच वाटेने याच दिवसांत चतुरसुद्धा जातात. चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने मालदीवमध्ये दर ऑक्टोबरला लाखोंनी उतरणारे चतुर बघून २००९ मध्ये मांडलं, की ते भारतातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. नोव्हेंबरात लोणावळ्याच्या आकाशात दिसणारे अमूर ससाणे पुढे अरबी समुद्र ओलांडतात, तेही चतुर खातात. सगळी एकात एक गुंतलेली वाट आहे.

म्हणून तुमच्या पड खाचरांना मी फार महत्त्व देतो. ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, ते हवंच होतं. पण रोलरला खाडीचा चिखल चालत नाही, त्याला गवत आणि वर बसायला तार किंवा वाळकी फांदी लागते. असं गवत सरकारी कागदावर ‘पडीक’ असतं आणि भरावाचा डंपर सगळ्यात आधी तिथेच रिकामा होतो. तुमची नोंद ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) तारीख, वेळ, संख्येसह जरूर टाका. गवताचं महत्त्व सांगायला आपल्या हातात नोंदीच आहेत.

जागेबद्दल : पक्षी गेल्यावर सांगा. तो आहे तोवर ‘उरण परिसर’ पुरे.

उरणचा_सायकलवाला

सर, आज पावणेसातला दोघेही परत तारेवर होते, खूप बरं वाटलं. मी रस्ता सोडला नाही. मळकट पक्षी दोनदा गवतात उतरला. वर येताना पंख पूर्ण उघडले तेव्हा मागची कड सलग काळी, फिका पट्टा कुठेच नाही, शेपटीच्या टोकालाही गडद पट्टी नाही. म्हणजे पिल्लूच ना? त्याचा नाकतोडा एकदा निसटला, तो तसाच तारेवर बसून बराच वेळ खाली बघत राहिला. ग्रुपवरची जागा काढून टाकली आहे.

जुनी_दुर्बीण (मुलुंड)

पिल्लूच. नोंदीत ‘एक प्रौढ, एक यंदाचं’ असं लिहा.

अक्षीची_वाळू

मी अलिबागजवळ अक्षीला राहते. आमच्याकडे प्रश्न तारेचा नसून भरतीचा आहे. कालवफोड्या बघायला लांबून लोक येतात : काळापांढरा, लाल लांब चोचीचा, शिंपले फोडून खाणारा. भरती पूर्ण असताना तो, कुरव, सुरय, चिखले सगळे वाळूच्या एका पट्टीवर गोळा होतात, आणि फोटोवाल्यांना तीच वेळ सोयीची वाटते, कारण पक्षी जवळ मिळतात. पण ती त्यांची विश्रांतीची वेळ असते. ओहोटीत खाल्लेलं अंगी लागायचं तेव्हाच. एकाने उठवलं की सगळा थवा उठतो, समुद्रावर चक्कर मारून येतो, बसतो, तोवर दुसरा पुढे सरकतो. एका सकाळी मी अकरा वेळा थवा उठलेला मोजला.

आता कोणी विचारलं की मी सांगते, भरती उतरायला लागली की या आणि ओल्या वाळूच्या अलीकडे एका जागी बसून राहा. पाणी हटेल तसे पक्षी चरत चरत पसरतात, कधी कधी आपल्याकडेच येतात. सायकलवाल्या दादांनी रस्ता सोडला नाही, त्याचंच हे वाळूवरचं रूप.

मस्कतहून

मूळची पेणची, आता बारा वर्षं ओमानमध्ये. तुमचा गोंधळ वाचून आपलेपणा वाटला, कारण इथे आपला चाष वर्षभर असतो, अगदी आमच्या गल्लीतल्या खजुरावर, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात युरोपियन त्याच्यात येऊन मिसळतो. सोहारच्या बाजूला गुरांच्या चाऱ्याची हिरवीगार शेतं आहेत, तिथल्या तारांवर दोघे शेजारी बसतात. मी पाठीवरून ओळखते : आपल्याची मातकट तपकिरी, युरोपियनची तुमच्या शब्दांत विटेसारखी. उन्हात हा फरक लांबूनही कळतो, सकाळी सहाच्या उजेडात मात्र नाही, तेव्हा पंखच बघावे लागतात.

एप्रिलमध्ये परत जाणारेही इथे थांबतात. दिसले की या धाग्यावर तारीख आणि संख्या लिहीन.