मदत हवी आहे : भर उन्हात इंजिन टकटक करते, कारण हवा की पेट्रोल?

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात राहतो. माझ्याकडे कार्ब्युरेटरची जुनी मोटारसायकल असून, मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांवर गेला की मागे खताचे पोते बांधून चढावर अ‍ॅक्सिलेटर पिळताच इंजिनातून टकटक ऐकू येते आणि गाडीची ओढ मंदावते. पहाटे मात्र तोच चढ ती तेवढ्याच ओझ्यासह सहज चढते.

हवेचे तापमान १५ वरून ४५ अंशांवर गेले की तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते, त्यामुळे थोडी ताकद उतरणे मला समजते. टकटक मात्र सिलिंडरमधील उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटल्याने होते, आणि गरम हवा त्याला हातभार लावते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक (इंधनाची असे आपोआप न पेटण्याची क्षमता) चांगला असतो, पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) मिश्रणात इंधन कमी पडते. शिवाय पंप दूर असल्याने कधीकधी गावात बाटलीने मिळणारे पेट्रोल भरावे लागते. त्यात रॉकेल मिसळलेले असेल, तर ऑक्टेन घसरणारच.

जाणकारांनी कृपया सांगावे : आधी मुख्य जेट एका मापाने मोठा करावा, की इग्निशनचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासावे? आणि पेट्रोलमधील रॉकेलची भेसळ घरी खात्रीने ओळखता येते का? पेरणीपूर्वी गाडी दुरुस्त होणे माझ्यासाठी फार गरजेचे आहे.