गेज पाव टाकीवर, दांडी म्हणते 12 लिटर

राजवाड्यामागची: इंदूरला फ्लाइंग शिकतेय, 61 तास झालेत. परवा सरांसोबत सेसना 152 (दोघांचं छोटं विमान) घेऊन भोपाळला जाऊन आले, एका बाजूने 90 नॉटिकल मैलांच्या आसपास. दोघांच्या वजनापायी टाक्या फुल करता येत नव्हत्या, म्हणून दांडीने (टाकीत बुडवून पेट्रोल मोजायची खुणांची पट्टी) मोजून 70 लिटर घेतलं. हिशेब असा: ताशी 23 लिटर, सव्वादोन तासांच्या आत परत, 18 तरी उरणार. येताना वारा समोरून लागला, इंजिन सुरू ते बंद 2 तास 20 मिनिटं झाली. उतरलो तेव्हा दोन्ही गेज पाव टाकीवर, मी निवांत. सरांनी दोन्ही टाक्यांत दांडी घातली आणि काही न बोलता ती माझ्या हातात दिली. मिळून 12 लिटर! गळती नाही. मग गेलं कुठे? आईला अजून सांगितलेलं नाही.

जुनी दांडी: आईला सांगूच नकोस. आता ऐक. 152 मध्ये 98.4 लिटर मावतं, वापरता येतं 92.7. म्हणजे तुझ्या 12 मधले जवळजवळ 6 इंजिनाच्या कामाचेच नव्हते. इंजिन बंद पडण्यापासून पंधरा मिनिटांवर होता तुम्ही, बाळ.

58 लिटर गेलं, म्हणजे ताशी 25. पुस्तकातले 23 हे क्रूझला, म्हणजे उंचीवर सरळ उडताना, मिक्श्चर लीन केल्यावरचे, म्हणजे हवेत मिसळणारं पेट्रोल कमी केल्यावरचे. केलं होतंस? सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) मारून मारून मिक्श्चरचा लाल नॉब पूर्ण आत, म्हणजे जास्त पेट्रोलवर, ठेवायची हाताला सवय लागते. त्यात टॅक्सी (जमिनीवर विमान चालवणं) आणि चढाई ताशी आकड्यात धरलेली नसते.

हसत नाही मी तुला. शिकत असताना पायपरवर होतो, तिथे डावी टाकी किंवा उजवी, 'बोथ' (दोन्ही एकदम) नाहीच. बदलायची विसरलो. तीन हजार फुटांवर इंजिन खोकलं आणि गप्प झालं, उजव्या टाकीत अर्धं पेट्रोल असताना! नॉब फिरवून ते परत धरेपर्यंत कानात नुसता वारा. तेव्हापासून दर अर्ध्या तासाला मांडीवरच्या कागदावर वेळ लिहितो आणि मगच टाकी बदलतो. गेजकडे बघतो, पण शेजाऱ्याच्या गप्पा ऐकाव्यात तितपतच.

पाना-पक्कड: दांडी घालताना विमान सपाट उभं होतं ना? 152 च्या टाक्या जोडलेल्या असतात, जरा कलतं उभं राहिलं की पेट्रोल एकीकडे सरकतं. आणि टोपणं बघ. सैल असलं तर उडताना पंखावरचा कमी दाब पेट्रोल बाहेर ओढतो. टोपणामागे निळे ओघळ दिसले तर समजायचं.

राजवाड्यामागची: ओघळ नाहीत, उभं सपाटच होतं. नॉब मात्र आत होता, काका, जाताना नि येतानाही. 70 मधले कामाचे 64, भागिले 25 करून सरांना दाखवलं: सगळं मिळून 2 तास 33 मिनिटंच पुरणार होतं. ते म्हणाले, पुढच्या वेळी जास्त भरू, तोवर सराफ्यातली खादाडी बंद. कोणाची, ते विचारायची हिंमत झाली नाही.