वापराल तेवढेच पैसेवाले मोबाइल प्लॅन (अमेरिका): शहाणपणा की कंजूषपणा?

डॉलर_मोजणारा: काल मित्राशी वाद झाला म्हणून धागा काढतोय. त्याला नवा आयफोन "फुकट" मिळाला. फुकट म्हणजे काय, तर ३६ महिने बिलात थोडं थोडं क्रेडिट येणार, त्यासाठी वरचा महागडा प्लॅन घ्यायचा आणि मधेच कंपनी सोडली तर फोनचे उरलेले पैसे भरा. अरे मग हा हप्ताच झाला ना, नुसता गुलाल लावलाय त्याला. मी जुना अनलॉक्ड (कुठल्याही कंपनीचं सिम चालतं असा) पिक्सेल फोन रोखीने घेतला, गूगलच्या मोबाइल सेवेचा, म्हणजे गूगल फायचा, फ्लेक्सिबल प्लॅन आहे, कॉल-मेसेजचे २० डॉलर आणि जीबीमागे १०. घरी वायफाय, ऑफिसात वायफाय, गेल्या महिन्यात १.३ जीबी झाले, म्हणजे ३३ अधिक टॅक्स. तर मित्र म्हणतो तू कंजूष.

चारचौघी: कंजूष नाही हो, तुम्ही एकटे आहात एवढंच. आमच्याकडे चार लाइनी आणि त्यातली दोन टीनएजर. लेक स्कूलबसमध्ये बसल्यापासून उतरेपर्यंत रील बघतो, त्याचे जीबीला १० धरले तर घर विकावं लागेल.

डॉलर_मोजणारा: एकट्या लाइनीला ६ जीबीच्या पुढे पैसे वाढत नाहीत ताई, ८० ला बिल थांबतं.

चारचौघी: ८०!! अहो त्याच्यापेक्षा कमीत अनलिमिटेड मिळतं.

तिरकस_पाटी: पैशाचं सोडा, गर्दीत काय होतं ते बोला. या स्वस्त कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात, मोठ्यांचं नेटवर्क भाड्याने घेतात, आणि टॉवरवर ताण आला की बऱ्याच प्लॅनमध्ये यांचं गिऱ्हाईक रांगेत मागे. मी अशाच एका कंपनीचा होतो, नाव नको. न्यू जर्सीत एडिसनला ओक ट्री रोडवर इंडिया डे परेड, स्टॉलवर वडापाव हातात घेतलेला आणि पेमेंटचं अ‍ॅप गोल गोल फिरतंय. मागे रांग, स्टॉलवाल्या काकू बघतायत, शेवटी बायकोने तिच्या फोनवरून पैसे दिले. तिचं सिम मोठ्या कंपनीचं. अजून ऐकवते.

सातारी_इन_टेक्सास: खिशात पाच डॉलरची नोट ठेवा की राव. हलकेच घ्या. आईबाबा सहा महिन्यांसाठी आले की प्रीपेडसारखी दुसरी सोय नाही. बाबांचं सगळं व्हॉट्सअ‍ॅप घरच्या वायफायवर, सिम फक्त वॉकला गेल्यावर "रस्ता चुकलो" सांगायला. त्यांना अनलिमिटेड देऊन काय करू? आणि फोन त्यांचा पुण्याहून आणलेला, सिम बदललं की झालं.

एक_पैसा_सेकंद: मला तर या "फुकट फोन"चं नवल तेव्हापासून आहे. २००८ मध्ये इथे एटी अँड टी या मोठ्या मोबाइल कंपनीचा दोन वर्षांचा करार केला की आयफोन १९९ डॉलरला आणि भारतात तोच ३१,००० रुपयांना, घरचे म्हणायचे अमेरिकेत किती स्वस्त! बाकीचे पैसे बिलातून जातात हे कुणाला सांगणार. आपल्याकडे फोन रोख आणि सिम वेगळं हीच सवय, वर २००९ ला टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा आणला तेव्हा तर आम्ही घड्याळ लावून बोलायचो. पण मोजून पैसे घेणाऱ्यांचे दिवस गेले हो. टिंग नावाची स्वस्त मोबाइल सेवा २०१२ ला आली, मिनिटं, मेसेज, एमबी सगळं वेगवेगळं मोजायची, तिचं गिऱ्हाईक २०२० मध्ये डिश कंपनीने घेतलं. स्वस्तवाल्यांपैकी ट्रॅकफोन गेली मोठ्या व्हेरायझनकडे, मिंट मोठ्या टी-मोबाइलकडे. म्हणजे स्वस्तात घेतलंत तरी गल्ला शेवटी त्याच मोठ्या शेठजींचा.

डॉलर_मोजणारा: गल्ला कुणाचा का असेना, माझ्या खिशातून कमी जातात ना? आणि तीन वर्षं कुणाशी बांधलेला नाही मी. उद्या पटलं नाही तर नंबर घेऊन दुसरीकडे.

चारचौघी: बरं मला एक सांगा, हा प्रतिसाद टाइप करायला घरी यायची वाट बघितलीत ना? दुपारी धागा पेटला होता तेव्हा तुम्ही गायब.

डॉलर_मोजणारा: ट्रेनमध्ये होतो. डेटा बंद ठेवतो ट्रेनमध्ये.

तिरकस_पाटी: 😂😂 मित्राचा नंबर द्या, मी त्याच्या बाजूने.